रेनडिअरच्या कातड्यावरच्या बाई

परदेशात मी पहिली नोकरी केली ती मोजे धुण्याची. बायकांचे लांब, पातळ, नायलॉनचे मोजे. त्यात ध्रुवावरच्या पांढऱ्या अस्वलाची विष्ठा भरायची, तोंडाला गाठ मारायची आणि वॉशिंग मशीनमध्ये कोमट पाण्यात फिरवायचे. घाण निघून जायची आणि आत उरायचे केस, हाडांचे तुकडे, पिसं. ते वाळवून मायक्रोस्कोपखाली बघितलं की अस्वल काय जेवलं होतं ते कळायचं. आईला मी फोनवर सांगितलं, एका लॅबमध्ये काम मिळालंय, सॅम्पल तपासायचं. तिने सोसायटीभर सांगितलं की मुलगी हॉलंडमध्ये पॅथॉलॉजीत लागली. मी ते दुरुस्त करायच्या भानगडीत पडले नाही.

ज्यांनी मला हे काम दिलं त्यांना मी बाई म्हणायची. संस्थेत सगळे एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारत, अगदी संचालकांनासुद्धा. माझी जीभ काही वळेना. साठी उलटलेल्या, केस पिकलेल्या बाईला नावाने हाक मारली की पुढचं वाक्यच सुचत नसे. शेवटी मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे शाळेत शिकवणाऱ्या बाईंना बाईच म्हणतात. त्यांनी तो शब्द तोंडात घोळवून बघितला आणि चालेल म्हणाल्या. आमचं बोलणं इंग्रजीत चाले, पण मनातल्या मनात मी त्यांना अहो-जाहो करत असे, आणि त्या मला अगंतुगं करतात असं मीच ठरवून टाकलं होतं.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. लग्न होऊन मी पुण्याहून आले होते. नवरा रॉटरडॅमला आयटीत, घर शेजारच्या कापेल गावात, आणि माझ्या पासपोर्टवर डिपेंडंट असा शिक्का. एम.एस्सी. झूलॉजीचं सर्टिफिकेट कपाटात साड्यांच्या खाली. दिवसभर मी खिडकीतून मागचा कालवा बघत बसायची. कालवा कसला, पाण्याचा चर. जानेवारीत एका सकाळी त्यावर पातळ बर्फ धरलं होतं आणि काठावर एक उंच म्हातारी पाठीला स्केटचे बूट लटकवून उभी होती. ती टाचेने बर्फ ठोकून बघत होती. ठोकता ठोकता बर्फ फुटलं आणि बाई गुडघ्यापर्यंत पाण्यात. मी चपलेवरच धावत गेले आणि हात देऊन त्यांना वर ओढलं.

वर आल्यावर माणूस काय म्हणतं? आभार मानतं, नाहीतर थंडीच्या नावाने बोटं मोडतं. बाईंनी माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "आज सकाळी काय खाल्लंस?"

आपल्याकडे हे कोणीही विचारतं. जिन्यात भेटलेली शेजारीण विचारते, भाजीवाली विचारते, पुढच्या बोलण्याआधी जेवण झालं का हे आधी होतं. या देशात येऊन मला कित्येक महिने झाले होते आणि तोपर्यंत मला ते कोणीच विचारलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी म्हटलं, पोहे. मग पोहे म्हणजे काय, ते कशाचे, तेल कुठलं, मोहरी पूर्ण फुटली होती की अर्धवट, किती वेळापूर्वी, हे सगळं त्या काठावर ओल्या पायांनी उभ्या राहून विचारून झालं. यथावकाश मला कळलं की ही काळजी नव्हती, चौकशी होती. त्या सगळ्यांनाच हे विचारायच्या. ट्रामच्या ड्रायव्हरला, हाउसआर्ट्सकडच्या रिसेप्शनिस्टला, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरकडे असते तशा बाईला, संचालकांच्या नव्या बायकोला. पण तोपर्यंत मी त्यांच्या लॅबमध्ये मोजे धुवायला लागून त्यांची झाले होते.

त्यांचं म्हणणं साधं होतं. माणूस असो की जनावर, ते कुठे राहतं, काय म्हणतं, कसं दिसतं, हे सगळं बाजूला ठेवा. पोटात काय गेलं ते बघा. पोटाला थाप मारता येत नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य. माझा डबा त्या न विचारता उघडायच्या आणि चिमट्याने उसळीतला कढीपत्ता उचलून उजेडात धरायच्या. स्वतः मात्र वर्षानुवर्षं दुपारी तोच काळपट पाव आणि त्याच चीजचा तुकडा. मी एकदा म्हटलं, तुमची विष्ठा तपासायला फार सोपी जाईल. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

संस्थेच्या वरच्या मजल्यांवर उपग्रहाच्या चित्रांवरून समुद्रातल्या बर्फाचे नकाशे काढणारी मंडळी बसत. बर्फ दरवर्षी लवकर फुटतंय, उशिरा धरतंय, हे त्यांच्या पडद्यांवर दिसायचं. बाईंचा प्रश्न त्याच्या पुढचा. अस्वल सील पकडतं ते बर्फावर उभं राहून. बर्फच नसेल तर ते जमिनीवर येणार, आणि जमिनीवर आल्यावर खाणार काय? हे उपग्रहाला दिसत नाही. त्यासाठी बाईंनी तरुणपणापासून नॉर्वेच्याही उत्तरेला असलेल्या स्पिट्सबर्गेनच्या पूर्वेच्या एका बेटावर उन्हाळे काढले होते. लाकडी झोपडीत राहायचं, अस्वलं गेलेल्या वाटेवर त्यांच्या मागून चालायचं आणि पिशव्या भरायच्या. जुन्या पिशव्यांचं काम कधीच झालं होतं. बहुतेक सगळ्यांत सील. शेवटच्या एक-दोन फेऱ्यांतल्या पिशव्या डीप फ्रीझरमध्ये पडून होत्या. मग कमरेचा सांधा गेला, बोटीवर त्यांना कोणी घेईना, आणि वरची खोलीही गेली. बाई तळघरात आल्या.

तळघर थंडगार. म्हणून त्यांनी घरून रेनडिअरचं कातडं आणून खुर्चीवर घातलं. त्या बेटावर झोपडीत त्या याच कातड्यावर झोपायच्या. ते भयंकर गळायचं. माझ्या स्वेटरवर केस, डब्यात केस, बाईंच्या पँटवर तर बसल्या जागेची नक्षी. एकदा नवऱ्याने माझ्या खांद्यावरून एक पांढरा केस उचलला आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "हा कोण?" मी म्हटलं, रेनडिअर. "बरं," म्हणाला, "निदान फॅमिली मॅन असेल."

त्या खुर्चीवर बसून, मोजा मांडीवर घेऊन गाठी मारता मारता बाई बेटाबद्दल बोलायच्या. साहसाच्या गोष्टी नसायच्या. अस्वल दाराशी आलं, बंदूक काढली, असलं काही नाही. टेबलाच्या कुठल्या कोपऱ्यावर मध्यरात्रीचं ऊन यायचं ते सांगायच्या. बर्फ किनाऱ्याला घासताना जुन्या दारासारखं करकरायचं ते सांगायच्या. आणि वास. सील खाल्लेल्या अस्वलाच्या विष्ठेला माशाच्या तेलाचा एक जड, काळा वास असतो. तो म्हणे झोपडीच्या फळ्यांत, ब्लँकेटमध्ये, पावात मुरलेला असे. सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. मी त्यांच्याकडे बघत राहायची, कारण तसा चेहरा मी आरशात ओळखत होते. आईशी बोलून फोनकार्ड संपल्यावर माझाही तसाच व्हायचा.

पुढच्या सप्टेंबरअखेर त्यांना पासष्ट पूर्ण होऊन निवृत्ती होती. त्याआधीच्या उन्हाळ्यात एक बोट त्या बाजूला जाणार होती. बाईंना आयुष्यात आता एकच हवं होतं, त्या बोटीवर एक जागा. बोटीवर कोण जाणार ते ठरवणाऱ्या समितीने अतिशय सभ्यपणे कळवलं होतं की तसं काही नवं, सबळ कारण असल्याशिवाय या वयात आणि या तब्येतीत ते शक्य नाही. बाईंनी ते मला सांगितलं आणि म्हणाल्या, चल, फ्रीझर रिकामा करू.

म्हणून आम्ही शेवटच्या फेऱ्यांतल्या पिशव्या धुवायला काढल्या. मार्चमध्ये कधीतरी मी एका मोज्यातले केस काचपट्टीवर घेतले आणि थबकले. सीलचा केस आखूड, चपटा. हा जाड होता, ठिसूळ, आतून पोकळ. मी बाईंना हाक मारली. त्या बराच वेळ डोळा लावून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "रेनडिअर." पुढच्या मोज्यात तेच, त्याच्या पुढच्यातही. म्हणजे बर्फ गेलं म्हणून त्या बेटावरची अस्वलं रेनडिअरच्या मागे लागली होती. बाईंना इतक्या वर्षांत तिथे हे कधी मिळालं नव्हतं. त्यांनी लिफ्टची वाट बघितली नाही. कंबर धरून जिन्याने वर गेल्या, आणि मी खाली एकटीच टाळ्या वाजवल्या.

समितीने जागा दिली.

त्यानंतरचे दिवस आठवले की अजून हसू येतं. बाईंनी बेटावरचे जुने बूट आणून त्यांना चरबी चोळली आणि ते मोज्यांशेजारी टांगले. दुपारी जेवण झालं की जमिनीवर गुडघे टेकायची आणि न धरता उठायची तालीम. मी बाजूला उभी. धरायचं नाही असा हुकूम. थालीपीठ तव्याशिवाय होईल का, असं त्यांनी विचारलं, कारण झोपडीत एक जाड कढई तेवढी होती. कढईत उत्तम होतं म्हटलं आणि आईने पाठवलेल्या भाजणीची पिशवी त्यांना देऊन टाकली. घरी ते ऐकून नवरा म्हणाला, "आपली भाजणी नॉर्थ पोलला? आणि आपण काय खायचं?" मी त्याला पाव दाखवला.

मग एक दिवस बाई मोज्याला गाठ मारताना दिसल्या. मोजा रिकामा होता. मी विचारलं, हे काय? काही नाही म्हणाल्या. तो त्यांनी बाकीच्यांसारखाच मांडीवर घेऊन बांधला, बाकीच्यांसारखाच धुतला, वाळवला आणि स्वतः काचेखाली धरला. मग मला बोलावलं.

"बघ."

मी बघितलं. जाड, ठिसूळ, पोकळ केस. एक नाही, बरेच.

"यात काय भरलं होतं?" त्यांनी विचारलं.

"काहीच नव्हतं."

त्या आपल्या खुर्चीकडे बघत राहिल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. जुन्या पिशव्या वरच्या खोलीत धुतल्या होत्या, तेव्हा कातडं त्यांच्या घरी होतं. बेटाची आठवण सोडवत नाही म्हणून ज्याच्यावर बसायचं, त्याचेच केस पँटवरून हाताला आणि हातावरून मोज्यात गेले होते. त्यांच्या ओढीनेच त्यांचा घात केला.

मी भांडले. म्हटलं, हे केस आधीच्या मोज्यांतून मशीनमध्ये राहिले असतील. त्यांनी शांतपणे सगळ्या काचपट्ट्या पुन्हा माझ्यापुढे ठेवल्या. पोटातून गेलेला केस मळकट होतो, पित्ताने तपकिरी पडतो, चावल्याने तुटतो. हे सगळे स्वच्छ, चकचकीत. बघितल्यावर मलाही ते दिसलं, पण मी हट्ट सोडला नाही. मी म्हटलं, कोणी विचारलेलं नाही. आधी जाऊन या. खरं काय ते तिकडेच सापडेल, मग आल्यावर दुरुस्त करू.

बाई म्हणाल्या, "मग तिकडे जाऊन मी काय शोधेन? जे आधीच सांगून बसलेय, तेच."

त्या उठल्या आणि वर गेल्या, या वेळी लिफ्टने.

घरी मी नवऱ्याला सांगितलं. तो समजूत घालायला म्हणाला, "अगं, बग सापडला, रिपोर्ट केला, हे चांगलंच झालं ना. आता नेक्स्ट रिलीजमध्ये फिक्स." मी रडत म्हटलं, "त्यांना नेक्स्ट रिलीज नाहीये." त्या दिवशी बिचाऱ्याने भांडी घासली.

जागा वरच्या मजल्यावर बसणाऱ्या, हंसांचा अभ्यास करणाऱ्या एका सहकाऱ्याला मिळाली. भला माणूस. तो खाली येऊन ओशाळून उभा राहिला, तर बाईंनी त्याला बसवून घेतलं. झोपडीच्या मागे बर्फ आधी कुठे वितळतं, अस्वलांची वाट कुठून जाते, दाराची कडी कशी अडकते, सगळं हातांनी हवेत काढून दाखवलं. चरबी चोळलेले बूट त्याच्या पायाला होतात का तेही बघितलं. झाले नाहीत. निघताना बाईंनी त्याच्या हातात भाजणीची पिशवी दिली. कातडं त्यांनी गुंडाळून काखोटीला मारलं आणि ट्राममधून घरी नेलं. मी बरोबर होते. शेजारच्या माणसाने विचारलं, काय आहे हो? बाई म्हणाल्या, माझी चूक. आणि त्याला विचारलं, आज काय खाल्लंत.

तो उन्हाळा आम्ही दोघींनी तळघरात काढला. सगळे मोजे नव्याने धुतले, मशीन उकळत्या पाण्याने खंगाळून. बरेचसे नमुने आता कशालाच पुरावा म्हणून चालणार नव्हते. बाई उघड्या लाकडी खुर्चीवर बसत. मी घरून उशी आणली तर त्यांनी ती झटकली, उलटसुलट करून बघितली आणि परत दिली. बेटाबद्दल बोलणं कमी झालं, पण बोट आता कुठे असेल हे रोज दुपारी त्या स्वतःशी पुटपुटायच्या आणि मी न ऐकल्यासारखं करायची.

सप्टेंबरमध्ये तो सहकारी खोकं घेऊन आला. झोपडीमागच्या वाटेवरच्या पिशव्या, गोठवलेल्या, नीट बांधलेल्या. झोपडी उभी आहे म्हणाला. किनाऱ्यावर बर्फ नव्हतं, सगळा वेळ मोकळं पाणी. थालीपीठ चिकटलं, पण खाल्लं. तो वर गेल्यावर बाईंनी पहिली पिशवी हातात घेतली आणि कोपरा कापला. मला ठाऊक होतं त्या कशाची वाट बघत होत्या. त्यांनी वास घेतला. थांबून पुन्हा घेतला. मग पिशवी माझ्याकडे दिली.

गवताचा वास होता. ओल्या गवताचा, शेणासारखा, वाईट नाही.

आम्ही ती धुतली. मी चिमट्याने वेगळं करत गेले. गवताची पाती, शेवाळं, हंसांची पिसं, अंड्यांची टरफलं. बाई माझ्याकडे पाठ करून दुसरी पिशवी कापत होत्या.

"सील?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"पुन्हा बघ."

मी पुन्हा बघितलं. दिसणार नाही हे माहीत असूनही सगळं पसरून पहिल्यापासून बघितलं. माझ्या उजव्या हाताला खण होता, त्यात ओळख पटवण्यासाठी प्रत्येक प्राण्याचे केस ठेवलेले असत. सीलचे केस बाईंनी स्वतः त्याच बेटावर गोळा केले होते, त्यांचं वय माझ्याएवढं असताना. एक केस. चिमट्याने उचलून इकडे ठेवायचा आणि हाक मारायची. बाईंची पाठ होती. मला ते इतकं करावंसं वाटलं की मी चिमटा खाली ठेवून दोन्ही हात मांडीवर घेतले.

"नाही, बाई," मी म्हटलं.

"एकही?"

"एकही नाही."

त्या वळल्या. डोळे कोरडे होते. म्हणाल्या, एवढ्याशा पिशव्यांवरून काही सिद्ध होत नाही, निष्कर्षात तसंच म्हणायचं. मी मान हलवली. मग बाई त्या उघड्या खुर्चीवर बसल्या आणि माझ्याकडे न बघता हळू म्हणाल्या, "जिथे जायचं म्हणून मी एवढी वर्षं जीव टाकला, ते ठिकाण तिथे नाहीच आता. बोटीने गेले असते तरी पोचले नसते."

मला तेव्हा ते पूर्ण समजलं नाही. माझं पुण्यातलं घर तेव्हा होतं, आई फोनवर होती, सुट्टी मिळाली की जायचं एवढाच प्रश्न होता. आता आई नाही, घराच्या जागी दुसरीच इमारत आहे, आणि बाईही गेल्या. आता समजतं.

त्या महिन्याअखेर त्या निवृत्त झाल्या. पुढे आम्ही भेटत राहिलो, कालव्याकाठी, त्यांच्या स्वयंपाकघरात, शेवटी शेवटी हॉस्पिटलात, पण उत्तरेला जायचं त्यांनी परत कधी काढलं नाही. मी तो एक केस टाकला असता तर त्यांनी तो तिथल्या तिथे ओळखला असता. स्वच्छ होता, पोटातून गेलेला नव्हता. हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आजही आहे. तरी अजून कधी कधी मनातल्या मनात माझा हात त्या खणाकडे जातो.